नकाशातला आंबझरा

अमरावतीतल्या डोंगर भटकणाऱ्या एका मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मला मनोहर पुंडकरांवर लिहायला सांगितलं. "चार चांगले शब्द लिहा मॅडम, तुम्ही त्यांच्यासोबत काम केलं आहे," असं म्हणाले. चार चांगले शब्द सापडले असते, नाही असं नाही. पण मग बाकीचेही लिहावे लागले असते आणि ते स्मरणिकेत शोभले नसते. म्हणून त्यांना नाही म्हटलं आणि इथे लिहिते आहे.

पुंडकर मला कधीच आवडले नाहीत. त्यांना अहो-जाहो करायची सवय तोंडाला लागली ती लागली. मनात मी त्यांच्याशी एकेरीतच बोलते, आणि बरंच बोलते. ते गेले तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं, म्हणून दोन दिवस वाट पाहिली, पण नाहीच वाटलं.

राजापेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी मुलांना चित्र काढायचं सॉफ्टवेअर शिकवत होते. एके दिवशी जिना चढून एक उंच, काटकुळा माणूस दारात उभा राहिला. कानावर पेन्सिल, पायात धुळीने पांढरे पडलेले बूट. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"नकाशाचं सॉफ्टवेअर येते का तुले?"

मी म्हटलं, "ते नाही येत, पण शिकता येईल."

"येते का नाई, तेवढं विचारलं मी. शिकता येईल हे उत्तर नाई होत."

"नाही येत, काका."

"मंग शिक. अन काका नको म्हनू. मी कोनाचाच काका नाई." टेबलावर एक सीडी टाकून ते जिना उतरून गेलेसुद्धा. मी का शिकले, कोणास ठाऊक. तो उर्मटपणा डोक्यात गेला होता आणि या माणसाला एकदा 'येतं' असं सांगायचंच, या हट्टाने शिकले असेन.

पुंडकरांनी सरकारी कचेरीत आरेखक म्हणून उभं आयुष्य कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवलं होतं. पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा. त्यांतल्या बऱ्याच रेघांत पाणी कधी आलंच नाही. कालवे अर्धे खणून तसेच पडले आणि त्यांत बाभळी उगवल्या. त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाचं जे काही झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे, मी नव्याने सांगायला नको. पुंडकरांनी मात्र नोकरीची मुदत संपायच्या आत राजीनामा दिला आणि सातपुड्याच्या आपल्या बाजूच्या डोंगररांगेचे, पायी हिंडणाऱ्यांसाठी नकाशे करायला घेतले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला हवे होते असंही नाही. परतवाड्याच्या वर, जंगलखात्याची हद्द सोडून जेवढ्या पायवाटा आहेत, तेवढ्या सगळ्या त्यांना कागदावर हव्या होत्या.

काम कसं चालायचं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. उपग्रहाने मोजलेल्या उंचीची माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. ती उतरवून घेतली की सॉफ्टवेअर तिच्यातून कंटूरच्या रेषा काढून देतं. एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीच्या. रेषा जवळजवळ आल्या की चढ खडा, लांब गेल्या की सपाटी. त्यावर जीपीएस हातात घेऊन चाललेल्या वाटा बसवायच्या. मग नाले, खिंडी, देवळं, पाणी. प्रत्येक गोष्टीचा थर वेगळा, हवा तो दाखवावा, नको तो झाकावा. जुने सरकारी नकाशे यावर ठेवले तर जुळत नाहीत, सगळंच जरासं बाजूला सरकलेलं दिसतं, कारण दोघांची मोजायची रीत वेगळी. मी ते सरकवून जुळवून दिलं तेव्हा पुंडकरांनी मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने गेले, डोंगरातल्या एका म्हसोबापाशी जीपीएस घेऊन उभे राहिले, संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "जुळते." शाबासकी म्हणून तेवढंच.

त्यांच्या नकाशात चूक सापडायची नाही, हे मला कबूल करावंच लागेल. आणि माझा राग नेमका त्यातूनच सुरू होतो. नकाशे भिकार असते तर त्या माणसाला कोणी विचारलं नसतं आणि पुढचं काही घडलंही नसतं.

त्यांची खोली बडनेरा रोडला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. पंखा असून लावायचे नाहीत, कागद उडतात म्हणून. एप्रिलमध्ये त्या खोलीत बसून मी कंटूर साफ केले आहेत, घाम कीबोर्डवर पडायचा आणि ते म्हणायचे, "पुसून घे. मशीन खराब होईन." फुटाणे खात बसायचे, एकटेच. पुडी खिशात, हात खिशात, आणि नजर माझ्या स्क्रीनवर. कधी चुकूनही पुडी पुढे केली नाही. स्मरणिका काढणाऱ्या त्याच मंडळाची मुलं तेव्हा त्यांच्यासाठी वाटा चालून यायची आणि उत्साहाने सांगायला लागायची, की साहेब, तिथून खाली एक वाट जाते, भारी आहे. पुंडकर फुटाणा चावत विचारायचे, "पायानं सांगून राहिला का तोंडानं?" म्हणजे चालून आलास की ऐकून आलास. चालून आला असेल तर जीपीएस टेबलावर ठेव, नाहीतर गप्प बस. मुलं गप्प बसायची. हळूहळू खोलीत कोणी काही सांगेनासं झालं, जीपीएस ठेवायचे आणि जायचे.

हिवरखेडला त्यांची थोडी शेती होती, भाऊ करायचा. तिकडचा डोंगर करायचा होता म्हणून एकदा आम्ही जीपने गेलो आणि फाट्यावर चहाला थांबलो. पिशवीतून जीपीएस, दोऱ्या, नकाशे निघालेले. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात एकाने औषध घेतलं होतं आणि हॉटेलात तोच विषय चालला होता. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने आमच्या पसाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लोकं मरून राहिले बापू, अन तुमी डोंगर मोजून राहिले?"

कोणीही मान खाली घालून चहा प्यायला असता. पुंडकरांनी कप खाली ठेवला.

"मी डोंगर नाई मोजला तं कापसाले भाव येते का?"

म्हाताऱ्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "भाव नाई येत. पन बरं दिसत नाई."

"बरं दिसाले मी काय नवरदेव हाय?"

हॉटेलात कोणी हसलं नाही. मालकाने आमचे पैसे घेतले नाहीत, हातानेच जा म्हणून खूण केली. मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पुंडकर जीपमध्ये बसल्याबरोबर पेन्सिल काढून नाल्याचं वळण लिहायला लागले. मी त्यांना म्हटलं, असं बोलायला नको होतं. "खोटं बोललो का?" त्यांनी विचारलं. खोटं नव्हतं. त्या माणसापाशी खरेपणा होता आणि तो दुसऱ्याच्या टाळक्यात मारण्यापलीकडे त्याला त्याचा उपयोग ठाऊक नव्हता.

नकाशा छापून झाला की तो दुकानात ठेवायचा नाही, टपालाने पाठवायचा नाही. ज्याला पाहिजे त्याने गिरणीच्या वरच्या खोलीत यायचं आणि आधी परीक्षा द्यायची. पुंडकर नकाशा उलगडून एका जागी पेन्सिल टेकवायचे. "इथून इथं जायचं हाय. चढ का उतार?" उत्तर चुकलं की नकाशाची घडी. एकदा शहरातले एक मोठे डॉक्टर गाडी घेऊन आले, सोबत बायको-मुलं. त्यांनी घळीला डोंगराची पुढे आलेली सोंड म्हटलं. नवखा माणूस म्हणतोच. कागदावर दोन्हींचा बाक सारखाच दिसतो, आकडे वाचले तरच फरक कळतो. पुंडकर म्हणाले, "डॉक्टर, तुमी हा नकाशा घेऊन गेले तं लेकरायले दरीत नेसान. चिखलदऱ्याले जा, तिथं घोड्यावर बसाले भेटते." मुलांसमोर. डॉक्टर लालबुंद होऊन उतरले. माणसं चिडायची, पण ज्याला नकाशा मिळायचा तो मिरवायचा. 'पुंडकरांच्या नकाशात आहे म्हणजे आहे,' असं नागपूर-अकोल्यापर्यंत म्हणायला लागले.

आता बोचरे. अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. गोल चेहऱ्याचा, हसरा, थोडा बढाईखोर माणूस. दर रविवारी अकोल्याहून पहाटेच्या गाडीने यायचे, बायको सुनीता सोबत. ती डबे आणायची, सगळ्यांना वाढायची. बोचऱ्यांनी एकदा एक लांब वाट आणून दिली. पुंडकरांनी ती माझ्याकडून मोठ्या पडद्यावर लावून घेतली, सगळं मंडळ जमलेलं असताना. मग म्हणाले, "वेगाप्रमाणं रंग टाक." मी टाकले. वाट हिरवी, हिरवी, हिरवी, आणि मधेच घाटाच्या रस्त्याला लागून एक लालभडक तुकडा. थकले होते म्हणून बोचरे परतवाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये बसले होते आणि खिशातलं जीपीएस बंद करायचं विसरले होते.

"बोचरे, तू मानूस हाय का एसटी?"

हशा पिकला. बोचरे पण हसले, सुरुवातीला. पुंडकर थांबले नाहीत. त्यांनी बोचऱ्यांनी आजवर आणलेल्या सगळ्या वाटा एकेक करून पडद्यावर घ्यायला लावल्या. त्यांत काहीच निघालं नाही, सगळ्या पायीच होत्या, पण तेवढा वेळ बोचऱ्यांना तिथे उभं ठेवलं. सुनीता डब्यांची झाकणं लावत बसली होती. त्यानंतर ती दोघं आली नाहीत.

वर्षभराने अकोल्यात बोचऱ्यांचं स्वतःचं मंडळ निघालं आणि त्यांचा नकाशाही निघाला. तो आमचाच होता. कागदावरून स्कॅन करून, तेच सॉफ्टवेअर वापरून, रेषा गिरवून घेतलेल्या. खाली पुंडकरांचं नाव काढून त्यांच्या मंडळाचं घातलेलं. चोरी ती चोरीच, मी बोचऱ्यांची बाजू घेत नाही. पुंडकरांनी तो नकाशा भिंतीवर लावला आणि दिवसभर त्याच्याकडे पाहत फुटाणे खाल्ले.

पुढची आवृत्ती छापून आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे ती तपासत होते. परतवाड्याच्या वर बेलखिंडीच्या पलीकडे, रखरखीत माळावर, मी न टाकलेला एक निळा ठिपका होता. शेजारी नाव: आंबझरा.

"हा झरा कधी सापडला?"

"सापडला."

"पायाने का तोंडाने?"

पुंडकर प्रथमच माझ्याकडे पाहून हसले. ते हसू मला आठवतं आणि अजून चीड येते. मग त्यांनी सांगितलं, ठिपका त्यांनीच छापखान्यात बसून घालून घेतला होता. तिथे झरा नाही. आंबाही नाही. चोर पकडायला घातलेली ती खूण आहे. नकाशे करणारे जगभर असं करतात, एक खोटी गल्ली घालतात, एक खोटं वळण घालतात. उद्या बोचऱ्याच्या नकाशात आंबझरा दिसला की चोरी सिद्ध.

"काका," मी म्हटलं, मुद्दामच, "खोटी गल्ली वेगळी. हे पाणी आहे. उन्हाळ्यात कोणी याच्या भरवशावर गेलं तर?"

"आपला मानूस जात नाई. जो माह्या हातून नकाशा घेते त्याले मी तोंडानं सांगतो, आंबझऱ्याच्या नादी लागू नको, आटला हाय. एकेकाले सांगतो."

"आणि ज्याने तुमच्या हातून घेतला नाही?"

"चोराले सांगाले मी बांधील नाई."

मी भांडले. खोटं वळण घाला, खोटं देऊळ घाला, पाणी नको. ते म्हणाले, खोटं देऊळ घातलं तर लोक तिथं खरं बांधतात. विनोद केला म्हणून खूश झाले. मी काम सोडते म्हटलं, तर म्हणाले, सोड. तरी मी लगेच सोडलं नाही. तो ठिपका काढून घ्यायचा तर त्या खोलीत असायला हवं, असं मला वाटत होतं. रोज मी विषय काढायचे आणि रोज ते फुटाण्याची पुडी बांधून उठून जायचे.

एप्रिल संपत आला होता. त्या रविवारी आम्ही परतवाड्यातच होतो, रशीदभाईंच्या लाकडाच्या वखारीत. रशीदभाई पुंडकरांचे एकमेव मित्र म्हणायचे. डोंगरात जायचं तर जीप त्यांची. मी स्टँडजवळच्या कॅफेत मेल बघायला गेले. एका ओळखीच्या मुलीने अकोल्याच्या मंडळाचं पत्रक पाठवलं होतं, आजच्याच सहलीचं. सोबत नकाशा. त्यात लिहिलं होतं: दुपारी आंबझऱ्यावर जेवण व विश्रांती, पिण्याचे पाणी तेथे भरून घ्यावे, ओझे कमी ठेवावे.

बोचऱ्यांना फोन लावला, लागला नाही. डोंगरात तेव्हा कुठली रेंज. धावत वखारीत आले आणि कागद पुंडकरांपुढे धरला. त्यांनी वाचला. चेहरा उजळला. "सापडला साला," ते म्हणाले.

"अहो, ती माणसं वर आहेत! ऊन बघा बाहेर!"

रशीदभाईंना सगळं समजावेपर्यंत ते जीपची किल्ली घेऊन उठले होते. दोन कॅन भरले. पुंडकरही उठले, पण आधी त्यांनी आपला नकाशा आणि तो कागद नीट घडी करून पिशवीत घातला आणि मगच कॅनला हात लावला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

जीप खिंडीपर्यंत जाते, पुढे पायी. पुंडकर या वयातही कॅन खांद्यावर टाकून भराभर निघाले, मी त्यांच्या मागे. रशीदभाई वजनाने भारी, दुसरा कॅन घेऊन ते मागे राहिले. माळावर सागाला एक पान नव्हतं. दगड असे तापलेले की हात टेकवेना.

ते सगळे एका कोरड्या नाल्याच्या काठाशी होते. नकाशातला ठिपका जिथे होता तिथेच. दहा-बारा माणसं, दगडाच्या वीतभर सावलीला खेटून बसलेली. नाल्यात त्यांनी हातांनी वाळू उकरली होती. सुनीता आडवी होती, डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे, आणि बोचरे आपल्या टोपीने तिला वारा घालत होते. आम्हाला पाहून ते उठले. पाणी दिसलं तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही.

पुंडकर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. कॅन खाली ठेवला, झाकणावर हात ठेवला, आणि झाकण उघडलं नाही.

"हा झरा कुठून आनला?"

बोचऱ्यांना वाटलं असावं, ऐकण्यात चूक झाली. "साहेब, पाणी..."

"देतो ना. झरा कुठून आनला ते सांग."

मी कॅन ओढायला गेले तर त्यांनी मला दुसऱ्या हाताने बाजूला सारलं, माझ्याकडे न बघता. बोचरे आपल्या माणसांकडे पाहायला लागले. त्यांच्या शाळेतले दोन मास्तर होते त्यांत. मग बायकोकडे पाहिलं.

"तुमच्या नकाशातून घेतला," ते म्हणाले.

"घेतला?"

"चोरला."

"मोठ्यानं."

"चोरला, साहेब! चोरला! द्या ना बाप्पा पानी!"

तेवढ्यात रशीदभाई धापा टाकत पोचले. त्यांनी एकदा पाहिलं आणि काय चाललं आहे ते त्यांना कळलं. पुंडकरांना ओलांडून ते सुनीतापाशी गेले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपला कॅन उघडून रुमाल भिजवला. "ऐ पुंडकर," ते मान वर न करता म्हणाले, "तुले अल्ला माफ करीन का नाई मले नाई मालूम. मी नाई करत."

पुंडकरांनी झाकण उघडलं आणि सगळ्यांना पाणी वाढलं, रांगेने, न सांडता.

सुनीता वाचली. परतवाड्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं, संध्याकाळी बोलायला लागली. त्यांच्या मंडळाचं दुकान त्या दिवशीच बंद झालं. मी जीपमधून उतरताना पुंडकरांना म्हटलं, तुम्ही नीच आहात. ते म्हणाले, "पानी देत नव्हतो का मी? विचारत होतो फक्त." त्यानंतर त्या खोलीची पायरी मी चढले नाही.

पुढचं मला इकडून तिकडून कळलं. नव्या आवृत्तीतून पुंडकरांनी आंबझरा काढून टाकला. पण बोचऱ्यांनी केलेली ती फाइल तोवर पसरली होती. पेन ड्राइव्हवरून नागपूर, मेलवरून पुणे, पुढे फोन आले तशी फोनवर. ज्याच्या त्याच्या नकाशात बेलखिंडीच्या पलीकडे निळा ठिपका. पुंडकरांनी फोन केले, पत्रं पाठवली की तिथे झरा नाही. लोकांना ते पटेना. त्यांच्या जुन्या नकाशात आहे म्हणजे आहे, हे सगळ्यांना पाठ झालेलं. उलट लोक म्हणायला लागले, म्हातारा महाबिलंदर आहे, चांगलं पाणी लपवून ठेवतो आहे. ज्याला त्याला पुरावा मागणाऱ्या माणसाला आपलंच खोटं खोटं आहे हे सिद्ध करता येईना. मला हे ऐकून आनंद झाला. झाला, ते लपवत नाही.

काही वर्षांनी, असाच मे महिना होता, मी कामाने परतवाड्याला गेले आणि रशीदभाईंना भेटले. ते थकले होते. पुंडकरांशी त्यांचं बोलणं बंद ते बंदच होतं. "तरी भी बता देता हूं," ते म्हणाले, "तुमचा साहेब वर जाते. हर हफ्ते, आजच्याच वारी. गुडघा गेला हाय त्याचा, माह्या पोट्ट्याची जीप घेते खिंडीपर्यंत, तिथून पायी. जाऊन पाहा." मी विचारलं, कशाला जातात? त्यांनी सांगितलं नाही. मी एक बाटली घेऊन निघाले.

नाल्याच्या काठाला, जिथे ती माणसं बसली होती, तिथे एका सागाच्या बुंध्याला साखळीने एक निळा प्लास्टिकचा ड्रम बांधला होता. वर झाकण, झाकणावर दगड. साखळीलाच एक स्टीलचा गिलास. मी तिथे उभी राहून ते पाहत होते तेव्हा खालून काठी टेकत पुंडकर आले. खांद्यावर कॅन. दर चार पावलांना थांबत होते. मी पुढे होऊन कॅन घ्यायला हवा होता, असं कोणी म्हणेल. मी घेतला नाही.

"कोन हाय?" त्यांना नीट दिसत नव्हतं बहुतेक.

"वैशाली."

त्यांनी कॅन खाली उतरवला. दगड उचलला, झाकण काढलं, कॅन तिरपा करून ड्रममध्ये पाणी ओतायला लागले.

"येतं का कोणी?" मी विचारलं.

"येतात ना. चोर साले. पुन्यावरून येतात, नागपूरवरून येतात. पानी पेतात, फोटो काढतात, अन तिकडं लिहितात, आंबझऱ्याले उन्हाळ्यात भी मस्त पानी हाय." कॅन रिकामा झाला तो त्यांनी झटकला. "मंग अजून येतात."

"पाटी लावा. इथे झरा नाही म्हणून."

"लावली होती. पाटी कोनी वाचत नाई. नकाशा पाहतात."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांनी गिलास ड्रममध्ये बुडवून भरला आणि माझ्यापुढे धरला. साखळी पुरेना म्हणून ते थोडे वाकले होते. माझी बाटली खिंडीतच संपली होती, हे त्यांना इतक्या जवळून दिसत असणार. ती माझ्या हातातच होती. ते काही विचारत नव्हते. फक्त गिलास धरून उभे होते, आणि पाणी काठोकाठ होतं.

"घे."

"नको," मी म्हटलं.

त्यांनी गिलासातलं पाणी ड्रममध्ये परत ओतलं. झाकण लावलं, दगड ठेवला, काठी घेतली. वाट अरुंद होती आणि मी मधे उभी होते.

"सर बाजूले."

मी सरले. ते रिकामा कॅन खांद्याला अडकवून उतरायला लागले. मी ते दिसेनासे होईपर्यंत तिथेच थांबले, म्हणजे सोबत उतरावं लागू नये. मग घोट न घेता खाली आले. जीभ टाळूला चिकटली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वरचं पाणी स्वच्छ होतं, आणि ते आणायला त्या माणसाने किती सोसलं होतं तेही मी पाहिलं होतं. तरी मला ते त्यांच्या हातून नको होतं.